सात सेंट सगळीकडे सात नसतात: वेगवेगळ्या सिंथच्या डिट्यूनबद्दल

प्रश्न ऐरोलीच्या एका कीबोर्डवादकाचा आहे. ते ऑर्केस्ट्रात वाजवतात आणि घरी स्वतःचे ट्रॅकही करतात. लॅपटॉपवर व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ (सिंथेसायझर) आहे, मित्राकडून काही दिवसांसाठी आणलेला मिनीमूगच्या धर्तीचा ॲनालॉग सिंथ आहे आणि स्टेजसाठी सॅम्पलवर चालणारा कीबोर्ड. पहिल्या दोघांवर त्यांनी दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखी लाट काढणारे भाग) घेतले आणि दुसरा ७ सेंटने वर नेला, म्हणजे डिट्यून केला. ॲनालॉगवर आकडा दिसत नाही, म्हणून ट्यूनर लावून केला. तिसऱ्यावर तयार ‘डिट्यून्ड सॉ’चा टोन लावला. ॲनालॉग भरीव वाजतो, व्हायटल मधेच पोकळ होतो आणि फेजर इफेक्ट लावल्यासारखा वाटतो, कीबोर्ड अगदीच प्लास्टिक. आकडा तोच असताना हे का होतं, आणि डिट्यूनसाठी घ्यायचाच झाला तर कुठला सिंथ घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

मी ठाण्यात पाचपाखाडीला सिंथ दुरुस्त करतो आणि वाजवणाऱ्यांना पॅच, म्हणजे आवाजाची तयार सेटिंग, बनवून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमीचा. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आकड्यांची तुलना सोडा आणि बीट मोजा. बीट जुळवल्यावरही जो फरक उरतो, तेवढाच त्या सिंथचा खरा स्वभाव. बाकीचा फरक कंपनीने नॉबवर आकडे कसे छापले त्याचा असतो.

सेंट म्हणजे एका सेमीटोनचा शंभरावा भाग, सप्तकात १२००. पण कानाला सेंट कळत नाहीत, कळतात त्या दोन सुरांच्या फरकातून उठणाऱ्या लाटा. याच लाटा म्हणजे बीट, शाळेच्या भौतिकशास्त्रात यांनाच विस्पंद म्हणायचे. ज्याने तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवल्यात त्याला वेगळं सांगायला नको: तार जवळ येते तशी लाट मंदावते आणि सूर लागला की विरून जाते. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजवले की सेकंदाला बरोबर २ लाटा.

आता तुमचे ७ सेंट घ्या. मधल्या पांढरी सहावर, म्हणजे ४४० हर्ट्झवर, त्यातून सेकंदाला साधारण १.८ लाटा पडतात. एक सप्तक खाली ०.९, दोन सप्तकं खाली एका लाटेला सव्वादोन सेकंद, आणि ५५ हर्ट्झच्या बेस नोटवर एका लाटेला साडेचार सेकंद. वर गेलात तर ८८० वर साडेतीन. सेंटमधलं अंतर कायम ठेवलं की प्रत्येक सप्तकाला बीटचा वेग दुप्पट होतो. मधल्या सप्तकात झकास वाटणारा पॅच खाली सुस्तावतो आणि वर थरथरायला लागतो, त्याचं कारण हेच. काही सिंथमध्ये डिट्यून सेंटऐवजी हर्ट्झमध्ये देता येतं. सर्ज एक्सटी या मोफत सॉफ्टसिंथमध्ये युनिसनच्या (एकाच सुराच्या अनेक प्रती एकत्र वाजवण्याच्या) डिट्यूनला ‘ॲब्सोल्यूट’ असा पर्याय आहे, तो लावला की वर-खाली सगळीकडे लाट एकाच गतीने पडते. पॅडला (लांब धरलेल्या मऊ सुरांना) छान, पण खालच्या सुरांना तेच डिट्यून सेंटमध्ये जास्त भरतं आणि बेस बेसूर वाटू लागतो. दोन्ही ऐकून ठरवा.

सॉमध्ये मूळ सुरावर हार्मोनिकची, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेच्या सुरांची, अख्खी शिडी असते आणि प्रत्येक हार्मोनिक आपापल्या गतीने बीट देतो, दुसरा दुप्पट, दहावा दहापट. ११० हर्ट्झवर ७ सेंटला मूळ सुराची लाट सव्वादोन सेकंदांची, तर त्याच नोटच्या विसाव्या हार्मोनिकवर, २२०० हर्ट्झला, सेकंदाला जवळजवळ नऊ. म्हणून वरचे हार्मोनिक कापणारा फिल्टर मिटलेला असला की तोच डिट्यून संथ डोलतो आणि उघडला की वरून फडफड ऐकू येते. एका सिंथच्या फिल्टरचा कटऑफ (जिथून वरचं कापलं जातं तो बिंदू) थोडा जास्त उघडा राहिला तर ‘याचं डिट्यून जास्त आहे’ असं बेलाशक वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

आता नॉबवरचा आकडा. काही सिंथ फक्त दुसऱ्या ऑसिलेटरला हलवतात, ७ म्हणजे ७. काही पहिल्याला ७ खाली आणि दुसऱ्याला ७ वर नेतात, म्हणजे प्रत्यक्षात अंतर १४ आणि बीट दुप्पट वेगाने. दुसऱ्या पद्धतीत सुराचा मध्य जागेवर राहतो. पहिल्या पद्धतीत कानाला एकूण सूर साडेतीन सेंट चढा वाटतो. एकट्याने ट्रॅक करताना याने काही बिघडत नाही, पण शेजारी हार्मोनियम असेल आणि गायक कान देऊन गाणारा असेल तर तो मान वळवून बघतोच. दुसरा ७ वर नेण्यापेक्षा पहिला ३ खाली, दुसरा ४ वर करा.

मिनीमूगच्या धर्तीच्या सिंथवर आकडाच नसतो. १९७० च्या मूळ मॉडेल डीवर पहिल्या ऑसिलेटरला फ्रीक्वेन्सीचा स्वतंत्र नॉब नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे, आणि तो उणे ७ ते अधिक ७ अशा खुणांचा, म्हणजे साधारण १४ सेमीटोनचा पल्ला. नॉब अंदाजे ३०० अंश फिरतो असं धरलं तर ७ सेंट म्हणजे जेमतेम दीड अंश. बोटाचा घाम पुसला तरी तेवढा फिरतो! तुम्ही ट्यूनरने लावलेत ते ७ सेंट वाजवायला सुरुवात करेपर्यंत ६ किंवा ९ झालेले असणं अगदी शक्य आहे. त्या जातीच्या सिंथवर म्हणूनच कोणी आकडा लावत नाही, कानाने लाट बसवतात.

उलट टोकाला डिजिटल नियंत्रणाचे ऑसिलेटर. अशा ऑसिलेटरमध्ये, म्हणजे डीसीओमध्ये, ठरावीक वेगाच्या घड्याळाला पूर्ण संख्येने भागून पिच मिळते. समजा घड्याळ १ मेगाहर्ट्झचं आहे आणि सूर १७६० हर्ट्झचा. भाजक ५६८, त्याच्या शेजारचा ५६९, आणि त्या दोघांत अंतर ३ सेंटचं. म्हणजे वरच्या सप्तकात डिट्यून ३-३ सेंटच्या पायऱ्यांनीच बदलेल. त्याच घड्याळावर ११० हर्ट्झला पायरी ०.२ सेंटहूनही लहान, तिथे काही जाणवत नाही. खाली मऊ आणि वर चढल्यावर अचानक कोरडा होणारा डिट्यून भेटला तर ही शंका घ्यावी.

इथवरचं सगळं हिशेबाचं. तुमच्या पोकळ-भरीवचं मूळ मात्र फेजमध्ये, म्हणजे लाट आपल्या आवर्तनात कुठे आहे त्यात, आहे.

दोन एकसारखे सॉ एकमेकांपासून बरोबर अर्ध्या आवर्तनाने सरकले की मूळ सूर आणि सगळे विषम हार्मोनिक एकमेकांना खोडतात, सम हार्मोनिक उरतात. उरतं ते एक सप्तक वरचं सॉ. हे प्रत्यक्ष ऐका. व्हायटलमध्ये दोन्ही ऑसिलेटरला तेच सॉ, तेवढीच पातळी, डिट्यून शून्य आणि फेजचं रँडम शून्य करा. मग एकाची सुरुवातीची फेज दुसऱ्यापासून १८० अंश दूर ठेवा. वाजवाल मंद्र सा, ऐकू येईल मध्य सा. डिट्यून केलेली जोडी प्रत्येक लाटेत या अवस्थेतून एकदा जाते. तुम्हाला जो फेजरसारखा पोकळपणा जाणवतो तो हाच क्षण.

मग ॲनालॉगवर तो का नाही? तिथेही आहे, पण अर्धवट. दोन व्हीसीओंची (व्होल्टेजने चालणाऱ्या ॲनालॉग ऑसिलेटरची) सॉ कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकाची उतरण किंचित वाकलेली, दुसऱ्याचा टोकाचा कोपरा थोडा झिजलेला, मिक्सरवर दोघांची पातळीही सारखी नाही. खोडायला आलेला सूर पुरता खोडला जात नाही, तळ शाबूत राहतो. व्हायटलमध्ये दोन्ही लाटा एकाच गणितातून आलेल्या, त्यामुळे वजाबाकी चोख.

यावरचा इलाज फुकटचा आहे आणि तरी फार थोडे लोक करतात: दुसऱ्या ऑसिलेटरची पातळी निम्मी करा. दोन्ही समान असताना लाटेच्या तळाशी मूळ सूर शून्यावर जातो. दुसरा निम्मा असेल तर तो १.५ आणि ०.५ च्या दरम्यान फिरतो, म्हणजे चढ-उतार साडेनऊ डेसिबलचा. डोलणं राहतं, खड्डा जातो. शिवाय दुसऱ्याचा वेव्ह-आकार थोडा वेगळा निवडा. तुमच्या तुलनेत ‘ॲनालॉगची जादू’ वाटणारा अर्धा भाग एवढ्यावर व्हायटलमध्ये येईल, पैज लावून सांगतो.

सुरुवातीची फेजही पाहा. साध्या व्हीसीओ सिंथमध्ये ऑसिलेटर चालूच असतात, की दाबली की फक्त दार उघडतं. आत लाट जिथे असेल तिथून ऐकू येते, त्यामुळे प्रत्येक नोटचा आरंभ वेगळा. अनेक डिजिटल सिंथ दर नोटला फेज एकाच जागी आणू शकतात. तसं केलं तर प्रत्येक नोट तशीच धडकते आणि लाटही त्याच क्षणी तळाला जाते. जोरकस बेस आणि प्लकला (तुटक छेडलेल्या सुरांना) ते हवंच असतं. लीडला (मुख्य चाल वाजवणाऱ्या आवाजाला) मात्र त्यामुळे यंत्राचा वास येतो. व्हायटलमध्ये हे रँडमच्या आकड्याने हातात आहे, स्टाइलनुसार बदला.

तिसरा फरक मिक्सरनंतरचा. दोन सॉंची टोकं जुळली की सिग्नल दुप्पट होतो. मिनीमूगच्या धर्तीच्या सिंथमध्ये मिक्सर वर चढवला की फिल्टरच्या तोंडाशी तो दबायला लागतो. लाटेचा माथा कापला जातो, तळ तुलनेने वर येतो, आणि त्या दबण्यातून नवे हार्मोनिक तयार होतात जे लाटेबरोबर बदलत राहतात. म्हणून तिथलं डिट्यून चढ-उतारापेक्षा रंगाच्या हालचालीसारखं ऐकू येतं. लॅपटॉपवर स्वच्छ मिक्सर सोडून ड्राइव्ह (सिग्नल असा दाबणारा इफेक्ट) फिल्टरच्या आधी लावा, नंतर नको. नंतर लावलात तर जोडीऐवजी आधीच गाळून निघालेला आवाज दबतो.

आता उष्णता, ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. व्हीसीओमध्ये ट्रान्झिस्टर वापरून व्होल्टेजचं घातांकी रूपांतर होतं आणि ते तापमानावर अवलंबून असतं. भरपाई केली नाही तर खोलीच्या तापमानाला दर अंश सेल्सिअसला दर सप्तकामागे साधारण ४ सेंटचा फरक पडतो. म्हणून तिथे तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर बसवतात, त्याच्या अंशामागे ३३०० पीपीएमच्या (दहा लाखांत ३३०० भागांच्या) आसपासच्या बदलाने गणित बरंचसं जुळतं. पण हा रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला असले तरच. मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत येऊन एसी २४ वर टाकला आणि सिंथही त्याच वेळी सुरू केला, तर बाहेरून पेटी गार होतेय आणि आतून पॉवर सप्लाय तापतोय. अर्धा तास दोन्ही ऑसिलेटर एकमेकांपासून सरकत राहतात.

माझ्या टेबलावर हे ऑसिलोस्कोपवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) सरळ दिसतं. पहिल्या ऑसिलेटरवर ट्रिगर लावायचा, दुसरा त्याच पडद्यावर आणायचा. पहिलं सॉ स्थिर उभं, दुसरं हळूहळू एका बाजूला सरकतं. ज्या वेगाने सरकतं तोच बीट. एसीची हवा थेट पॅनेलवर येत असेल तर ते आधी वेग घेतं, मग रेंगाळतं, कधी दिशाही बदलते. तुलना करण्याआधी मशीन तासभर चालू ठेवा आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेचा त्रास वेगळा: पावसाळ्यानंतर फाइन ट्यूनचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) खरखरतात आणि पिच उडी मारते. त्याला ड्रिफ्ट (सुराचं आपोआप सरकणं) म्हणून मिरवू नये, पॉट साफ करून घ्यावा किंवा लॅमिंग्टन रोडवरून नवा आणून बदलावा.

ॲनालॉगमध्येच दिसणारी आणखी एक गंमत. डिट्यून फारच कमी केलं की लाट मंदावते, मंदावते आणि एकदम थांबते. दोन्ही ऑसिलेटर एकाच पॉवर लाइनवर असतात, एकाच्या रिसेटचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि दोघं एकमेकांना पकडून ठेवतात. काही मशीनवर यामुळे अगदी सूक्ष्म डिट्यून मिळतच नाही. सॉफ्टसिंथला अर्धा सेंट सांगितला तर तो अर्धा सेंट निमूटपणे देतो.

एका ऑसिलेटरवरून दुसऱ्याचं अंतर वर-खाली सारखं राहतं का, हेही ॲनालॉगवर तपासायला लागतं. सॉ ऑसिलेटरला प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी कपॅसिटर रिकामा करायला थोडा ठरावीक वेळ लागतो. खाली तो नगण्य, वर आवर्तनच लहान असल्याने तो मोजला जातो आणि सूर उतरतो. त्याची भरपाई दोन्ही ऑसिलेटरमध्ये वेगवेगळी बसली असेल तर मधल्या सप्तकातले ७ सेंट वर १० होतील किंवा ३. कित्येकांना हेच आवडतं. तुम्हाला दोन सप्तकांत गाण्यासारखा लीड वाजवायचा असेल तर नाही आवडणार.

पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या, यंत्रांकडे वळल्यावर प्रश्न बदलतो, कारण तिथे जोडी एक नसून अनेक असतात. ओबरहाइमच्या १९७० च्या दशकातल्या फोर व्हॉइसमध्ये प्रत्येक स्वराला आपलं वेगळं मॉड्यूल आणि वेगळे नॉब. चारही हाताने जुळवायचे, म्हणजे चारही थोडे वेगळेच राहायचे. कॉर्ड धरली की प्रत्येक सूर स्वतःच्या गतीने डोलतो, आणि त्या घराण्याचा सैलसर, रुंद आवाज बराचसा तिथून येतो. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच व्हॉइस (एका वेळी वाजणारे सूर), प्रत्येकात दोन व्हीसीओ आणि आपोआप ट्यून करणारं बटण. शिस्त जास्त, पण दहा ऑसिलेटर पूर्ण एकसारखे होत नाहीत. २०२० मध्ये प्रॉफेट-५ पुन्हा आला तेव्हा त्यावर ‘व्हिंटेज’ नावाचा नॉब दिला गेला, व्हॉइसमधला हाच विसंवाद कमी-जास्त करायला. लोकांना काय हवं होतं ते यातून कळतं. १९८१ चा ज्युपिटर-८ आठ व्हॉइस, सोळा व्हीसीओ, आणि माझ्या कानाला या तिघांत सर्वांत नेटका. पितळी वाद्यांसारखा भरणा हवा तर तोच.

सॉफ्टसिंथमध्ये कॉर्डचे सगळे सूर नेमक्या एकाच गुणोत्तराने डिट्यून होतात. सा आणि वरचा सा एकत्र धरले तर वरची लाट खालच्याच्या अचूक दुप्पट, दोन्ही एकमेकांत अडकलेल्या. तीन-चार सूर धरले की ताल ऐकू यायला लागतो. व्हायटलमध्ये रँडम मॉड्युलेटर घेऊन दर नोटला दुसऱ्या ऑसिलेटरच्या फाइन ट्यूनला २-३ सेंटचा फरक द्या, पाच टक्क्यांच्या आसपास पातळीलाही द्या. पॅड लगेच सुटा होतो. मात्र १० सेंटपर्यंत ताणलंत तर हातात बिघडलेला सिंथ येईल, जुना नव्हे.

ज्युनो-६० आणि १०६ या सिंथबद्दल लोक हमखास गफलत करतात. १९८२ चा ज्युनो-६० घ्या की १९८४ चा १०६, प्रत्येक व्हॉइसला ऑसिलेटर एकच, तोही डीसीओ. डिट्यून करायला दुसरा नाहीच. तो जो ओळखीचा पसरट आवाज, तो कोरसचा: सिग्नल छोट्या डिलेमधून जातो आणि डिले कमी-जास्त होत राहतो, डाव्या-उजव्याला उलट दिशेने. डिले कमी होत असताना सूर चढतो, वाढत असताना उतरतो, मूळ सुराशी त्याचा बीट पडतो. म्हणजे डिट्यून आहे, पण सगळ्या सुरांना एकत्र लागलेलं आणि दिशा बदलत राहणारं. ज्युनोशी तुलना करताना कोरस बंद करून ऐका, गडी बराच साधा निघतो. त्याच्या पल्सविड्थ मॉड्युलेशनचंही असंच: एका सॉमधून दुसरं सॉ वजा केलं की पल्स वेव्ह मिळतो, आणि त्यांच्यातली फेज सरकली की पल्सची रुंदी बदलते. म्हणून एसएच-१०१ सारखा एका ऑसिलेटरचा सिंथही रुंदी हलवली की दोन असल्यासारखा वाजतो.

सुपरसॉ हा तर स्वतंत्र प्राणी. रोलँडचा जेपी-८००० १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि त्याने एका ऑसिलेटरच्या जागी सात सॉ ठेवले. सातांच्या जोड्या होतात २१, इतके बीट एकत्र आल्यावर कुठलीच लाट वेगळी ऐकू येत नाही, सळसळ ऐकू येते. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या एका प्रबंधात या ऑसिलेटरचं मोजमाप करून दाखवलंय. बाजूचे सहा सॉ समान अंतरावर नाहीत, दोन्ही बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. नॉब पूर्ण उघडल्यावर सर्वांत खालचा जवळजवळ २०० सेंट खाली आणि सर्वांत वरचा सुमारे १७५ सेंट वर. पण नॉबचा वक्र असा की बऱ्याच फिरकीपर्यंत डिट्यून हळू वाढतं आणि शेवटी झपकन चढतं. शिवाय दर नोटला फेज रँडम, आणि मूळ सुराच्या खालचं सारं कापणारा हायपास. तुमच्या सॉफ्टसिंथमध्ये सात व्हॉइसचं युनिसन लावून तसाच आवाज येत नसेल तर नॉब एकाच टक्क्यावर ठेवण्याचा काही उपयोग नाही. अंतरांची वाटणी आणि हायपास, दोन्ही बघा. मधला सॉ आणि बाजूचे यांचं प्रमाण हा त्याचा दुसरा नॉब, आणि गंमत त्याच्यातच जास्त आहे.

डीएक्स७ चं थोडक्यात. १९८३ चा हा एफएम सिंथ, म्हणजे त्यात एक लाट दुसरीची वारंवारता हलवून रंग घडवते. प्रत्येक ऑपरेटरला (लाट काढणाऱ्या घटकाला) उणे ७ ते अधिक ७ डिट्यून. इथे ७ म्हणजे ७ सेंट समजू नका, ते टप्पे आहेत. दोन कॅरिअर (थेट ऐकू येणारे ऑपरेटर) डिट्यून केले तर नेहमीसारखा बीट, पण मॉड्युलेटर (दुसऱ्याला हलवणारा) डिट्यून केला तर आवाजाची पातळी न डोलता रंगच फिरत राहतो. सॉच्या जोडीशी याची तुलना करायला जाऊ नये.

राहिला तुमचा स्टेजचा कीबोर्ड. त्यात डिट्यून केलेला आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवलाय. लाटा सॅम्पलमध्ये गोठलेल्या. कुठलीही की केव्हाही दाबा, लाट त्याच जागी सुरू होते, आणि लूप लहान असेल तर ठरावीक काळाने तीच हालचाल पुन्हा. एका सॅम्पलची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे शेजारच्या दोन सुरांचं डोलणं एकदम वेगळं. उपाय असा: डिट्यूनचा टोन सोडा, साध्या सॉचे दोन टोन लेयर करून एकाला फाइन ट्यून द्या, दुसऱ्याची पातळी कमी ठेवा. त्यावर अगदी हलका कोरस. ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात हे पुरून उरतं.

आता तुलना नीट कशी करायची ते. कोरस, रिव्हर्ब, डिले, एलएफओ (आवाज हलवणारा मंद ऑसिलेटर), ड्रिफ्ट सगळं बंद, आउटपुट मोनो. वेव्ह ट्रायँगल घ्या किंवा फिल्टर इतका मिटा की मूळ सूरच उरेल. सॉवर लाटा मोजायला गेलात तर हार्मोनिक गोंधळ घालतात. ४४० वर दोन्ही ऑसिलेटर मिळवा, लाट पूर्ण थांबू द्या. मग मेट्रोनोम १२० वर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक लाट पडेल इतकं डिट्यून करा. हे सेकंदाला २ झालं, म्हणजे ७.८५ सेंट, नॉबवर काहीही लिहिलेलं असो. एक सप्तक वर जा, ठोक्याला २ लाटा पडल्या तर डिट्यून सेंटमध्ये आहे. एकच पडली तर हर्ट्झमध्ये. अधलंमधलं काही आलं तर ट्रॅकिंगमध्ये खोट आहे किंवा पायऱ्या आहेत. असं दोन्ही यंत्रांवर केल्यावर वेव्ह पुन्हा सॉ, फिल्टर कानाने सारखा, आणि आवाजाची पातळी मीटरवर जुळवलेली. मोठा वाजणारा सिंथ कायम जाडच वाटतो, हे विसरू नका. मगच ऐका, तेही डोळे मिटून आणि दुसऱ्या कुणाला स्विच करायला लावून.

खरेदीचं विचाराल तर फक्त डिट्यूनसाठी पैसे घालू नका. तुमच्याकडे आहे त्या ॲनालॉगसारखा तीन ऑसिलेटरचा मोनो सिंथ लीड आणि बेससाठी घेण्यासारखा आहे, पण त्याच्या मिक्सर-फिल्टरसाठी. कॉर्ड वाजवायच्या असतील आणि हात तंग असेल तर कॉर्गच्या व्होल्का कीजकडे पाहा: २०१३ चा, तीन ॲनालॉग ऑसिलेटर, आणि डिट्यूनला स्वतंत्र नॉब. चाव्या खेळण्यातल्या वाटतात, बाहेरून मिडी कीबोर्ड जोडा. सुपरसॉ हवा असेल तर हार्डवेअर नकोच, सर्ज आणि व्हायटल पुरे आहेत.

आणि लीडचं काहीही ठरवा, बेसला डिट्यून तळापासून देऊ नका. ५५ हर्ट्झवर ३ सेंट म्हणजे एका लाटेला साडेदहा सेकंद. १२० च्या लयीत चार मात्रांचा एक बार २ सेकंदांचा असतो, म्हणजे पाच बार सलग वाजवल्यावर एक लाट पुरी होते. एखादा बार भरदार लागेल, पुढचे दोन हडकुळे, आणि सभागृहात सबवूफर मोनो असल्याने ते आणखी उघडं पडेल. पहिला ऑसिलेटर एकटा, डिट्यूनशिवाय तळाला ठेवा. डिट्यूनची जोडी एक सप्तक वर घ्या आणि १५० हर्ट्झच्या खाली कापा. स्टीरिओत पसरायची असेल तर हीच जोडी पसरा, तळ मध्येच राहू द्या. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला एकदा मोनो करून ऐकवायला सांगा. मोनोत जोडी विरघळली तर पसरण कमी करा, डिट्यूनला हात लावू नका.